सांध्याची रेघ

दिवाळीच्या सुटीत आमची भाची पुण्याहून लोधीखेड्यास आली, तेव्हा तिच्या एका हातात कपड्यांची पिशवी होती व दुसऱ्या हातात एक लांबट पेटी. पिशवी तिने उंबऱ्याशीच टाकली. पेटी मात्र कोणासही हात लावू न देता आत नेली आणि आमच्या पुस्तकांच्या कपाटावर अलगद ठेवली. आम्हांस वाटले, व्हायोलिन असावे. संध्याकाळी चहापाणी झाल्यावर तिने पेटी उघडली, तो आत बाहुली!

तेवीस वर्षांची, स्वतः मिळवती झालेली मुलगी बाहुली घेऊन मामाच्या घरी येते, याचे आम्हांस प्रथम हसू आले, हे कबूल केलेले बरे. आमच्या घरची बोली कोंकणी. बाहुलीला आम्ही ‘बावली’ म्हणतो. आणि बावली म्हटली की जुनेराच्या चिंध्यांची, काजळाने डोळे काढलेली, एका पावसाळ्यानंतर ओळखू न येणारी अशी मूर्ती आमच्या डोळ्यांपुढे उभी राहते. ही बावली निराळीच होती. उंची सुमारे साठ सेंटिमीटर, वजन हातात घेताच जाणवेल इतके, डोळे काचेचे. गुडघ्यांत, कोपरांत, मनगटांत वाटोळे गोळे बसविलेले. पोकळ अंगातून लवचीक दोरी ओवून साऱ्या अवयवांना ताण दिलेला. त्यामुळे तिला खुर्चीवर बसविले तर ती बसे, हनुवटीखाली हात देऊन विचार करीत बसविले तर तशीही बसे. आमच्या वर्गातील काही विद्यार्थ्यांपेक्षा तिचे बसणे अधिक शिस्तीचे होते, असे आम्ही म्हणालो आणि भाचीने आमच्याकडे रागाने पाहिले.

शिक्षकाच्या डोळ्याला एक खोड जडलेली असते. कोणतीही वस्तू हाती आली की तो आधी तीतली चूक शोधतो. आम्ही चष्मा नीट करून बाहुली दिव्याशी धरली व दोन मिनिटांत आम्हांस चूक सापडली. पोटरीच्या बाहेरच्या अंगाने घोट्यापासून गुडघ्यापर्यंत एक बारीक रेघ गेली होती. तशीच आतल्या अंगाने. दंडावर तशीच, बरगडीच्या कडेने तशीच. नखाने चाचपली तर किंचित उंच लागे.

“तुला फसवले ग,” आम्ही म्हणालो. “दोन तुकडे चिकटवून दिलेत.”

ती मोठ्याने हसली. “मामा, ते चिकटवलेले नाही. ती साच्याची रेघ आहे. आणि तिच्यावरून आमच्या मंडळीत काय भांडणे होतात, ते तुला ठाऊक नाही.”

त्या रात्री तिने आम्हांस जे समजावले, ते येथे आमच्या शब्दांत सांगतो; कारण साच्यातून वस्तू कशी निघते, हे आपल्या शाळेतल्या मुलांनीही जाणण्यासारखे आहे. आधी शिल्पकार बाहुलीचा प्रत्येक अवयव हाताने घडवितो. मग त्याच्याभोवती सिलिकोन रबराचा साचा करतात. पाय साच्यातून सुखरूप बाहेर यावा म्हणून साचा दोन अर्धांचा असावा लागतो. ते अर्ध एकावर एक घट्ट बांधून आत पॉलियुरेथेन रेझिन ओततात. हे रेझिन दोन पातळ द्रव मिसळून तयार होते आणि मिसळल्यावर काही मिनिटांतच दगडासारखे घट्ट होऊ लागते. हवेचे बुडबुडे राहू नयेत म्हणून किती तारांबळ उडत असेल ती कल्पनेनेच जाणावी. आता दोन अर्ध कितीही घट्ट बांधले, तरी जेथे ते एकमेकांस भेटतात तेथे केसाएवढी फट राहतेच. रेझिन त्या फटीत शिरते व घट्ट होते. तीच ही रेघ. साचा नवा असता ती पुसट येते. पुष्कळ ओतकामे झाली, रबराच्या कडा झिजल्या, की ती जाड होत जाते. रेघ कोठे येऊ द्यावी हे ठरविण्यातही कारागिराची बुद्धी दिसते. चेहऱ्यावरून ती कोणी नेत नाही. कानामागून, पोटरीच्या कडेने, जेथे चटकन नजर जात नाही तेथून ती नेतात.

ही बाहुल्यांची जात फार जुनी नाही. जपानातील क्योतो शहरच्या व्होक्स या कंपनीने १९९९ साली ‘सुपर डॉल्फी’ नावाची बाहुली बाजारात आणली, तेथून हा छंद जगभर पसरला. ही कंपनी आधी हौशी मंडळींसाठी जोडून रंगवावयाच्या रेझिनच्या प्रतिकृतींचे संच विकीत असे. असा संच विकत घेणारा मनुष्य रेघ दिसली म्हणून तक्रार करीत नाही. रेघ घासावयाची, भोके बुजवावयाची, मग रंग द्यावयाचा, हा त्याच्या छंदाचाच भाग. बाहुली घेणारा मात्र तयार बाहुली घेतो. त्याने रेघ घासावी, की कारखान्याने, की कोणीच नाही? भांडणाचे मूळ येथे आहे, असे आमचे मत झाले.

एका पक्षाचे म्हणणे असे, की रेघ हे अपुरे राहिलेले काम होय. एवढे पैसे मोजल्यावर तिच्या पायावर कारखाना कशाला दिसावा? ही मंडळी पाण्यात भिजवून वॉटर पेपरने तासन् तास बाहुली घासतात. काही कारखाने जादा पैसे घेऊन हे काम करूनही देतात. युरोपातील शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या चिनी मातीच्या बाहुल्या जमविणारेही याच मताचे. त्या बाहुल्यांची डोकी साच्यातून काढल्यावर, भट्टीत घालण्यापूर्वी, ओल्या मातीवरची रेघ खरवडून टाकावी लागे. ज्या डोक्यावर ती राहिली, त्या डोक्यावर कामगाराने हात आखडता घेतला, असे जाणकार आजही मानतात.

दुसरा पक्ष म्हणतो, हात लावू नका. घासणाऱ्याचा हात सुताराचा नसतो. तो रेघेबरोबर पोटरीचा उभारही घासतो, बोटाचे पेर सपाट करतो, सांध्याच्या गोळ्याला खळगा पाडतो आणि मग बाहुली उभी राहीनाशी होते. शिवाय रेघ हा पुरावा आहे. या बाहुल्यांच्या चोरट्या नकलाही निघतात. मूळ बाहुलीवरूनच साचा घेऊन दुसरी ओतली, की ती किंचित आखडते, आणि नकलेच्या साच्याची रेघ मूळ रेघेच्या जागीच पडेल असे नाही. ज्याने रेघ घासली त्याने एक साक्षीदारच नाहीसा केला.

आमचे एक सहकारी जुनी नाणी जमवितात. त्यांना ही हकीकत सांगितली तर ते म्हणाले, “आमच्याकडे उलटे आहे. शिवराई हातात आली की मी आधी तिची कड पाहतो. खरी शिवराई ठशांवर घणाचा घाव घालून पाडलेली. तिच्या कडेला सांध्याची रेघ असूच शकत नाही. रेघ दिसली, की समजावे, कोणी साच्यात ओतून फसवते आहे.” म्हणजे बाहुलीच्या बाबतीत जी रेघ खरेपणाची साक्ष देते, ती नाण्याच्या बाबतीत खोटेपणाची. संग्रहकांच्या जगात आम्ही नवखे. आमचे डोके या दोन निवाड्यांत बराच वेळ घोटाळले.

भाचीचा स्वतःचा कौल अजून ठरला नव्हता. तिची बाहुली नवी नव्हती. बारा वर्षांपूर्वी ओतलेली, दोघींच्या हातांतून तिच्याकडे आलेली. दोन वर्षे पैसे साठवून तिने ती घेतली होती. वॉटर पेपरही आणून ठेवला होता, परंतु धीर होत नव्हता.

येथे आम्ही मध्ये पडलो. का पडलो, ते सांगण्यास थोडे मागे जावे लागेल.

आमच्या कोकणात नागपंचमीच्या सुमारास गणपतीचा पाट मूर्तिकाराच्या शाळेत नेऊन देतात. लहानपणी आमचा सारा श्रावण त्या शाळेत जाई. मोठ्या मूर्ती हाताने घडत, लहान मूर्ती साच्यातून निघत. प्लॅस्टरच्या साच्याच्या दोन्ही अर्धांत शाडू दाबून भरावयाची, अर्ध मिटवावयाचे, मग उघडावयाचे; आणि बाप्पाच्या कानामागून खांद्यावर उतरणारी ती ओबडधोबड रेघ दिसावयाची. ती रेघ काढण्याचे काम आम्हां पोरांना मिळे. ओल्या बोटाने, मग ओल्या कुंचल्याने. रेघ नाहीशी झाली की मूर्तिकार मूर्ती फिरवून पाही व काही न बोलता फळीवर ठेवी. त्याचे ते न बोलणे आम्हांस पहिल्या क्रमांकाइतके मोलाचे वाटे. सांध्याची रेघ असलेला गणपती कोणी घरी नेईल, ही कल्पनाच आम्ही कधी केली नाही. तेव्हा बाहुलीच्या पायावरची रेघ पाहून आमची बोटे शिवशिवू लागली, यात नवल नाही. घरातली जुनी लाकडी ठकी एकाच ओंडक्यातून कोरलेली, तिला सांधा कोठून असणार? रेघेशी आमची गाठ फक्त ती पुसण्यापुरतीच पडली होती.

“दे इकडे,” आम्ही म्हणालो. “एक पाय मी करतो. आवडले तर बाकीचे तू कर.”

“मामा, नक्की?”

“गणपती केलेत मी, गणपती!”

रेझिनची धूळ श्वासावाटे जाणे घातक असते, म्हणून कोरडे घासावयाचे नाही. परातीत पाणी घेतले, तोंडाला फडके बांधले, दोरीतून पाय सोडवून घेतला. आधी चारशे नंबरचा कागद, मग आठशे, मग हजार. रेघ पाहता पाहता विरली. बोट फिरविले तर कोठे काही लागेना. ओला पाय दिव्याखाली असा काही तुळतुळीत दिसला, की भाचीने टाळ्या वाजविल्या. आम्ही हात पुसून जेवावयास बसलो व जेवताना मूर्तिकाराच्या शाळेतल्या गोष्टी दोनदा सांगितल्या.

सकाळी पाय वाळला होता. जेथे रेघ होती, तेथे घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बोटभर रुंदीचा एक पांढुरका पट्टा उमटला होता.

कारण सोपे होते, आणि आम्हांस ते आधी सुचावयास हवे होते. रेझिन उजेडाने हळूहळू पिवळते. बारा वर्षांत त्या बाहुलीच्या अंगावर जुन्या कागदासारखी पिवळसर झाक चढली होती. ती वरच्या पातळ थरातच होती. आम्ही तो थर घासून काढला होता आणि खालचे बारा वर्षांपूर्वीचे रेझिन उघडे पडले होते. रात्री पाण्यामुळे फरक दिसला नाही. केसाएवढी रेघ जाऊन बोटभर पट्टा आला! पहिली रेघ चष्मा लावून शोधावी लागली होती. ही दारातून दिसत होती.

भाची काही बोलली नाही. “असू दे मामा,” एवढेच म्हणाली व पाय पुन्हा दोरीत ओवू लागली. रागावली असती तर आम्हांस बरे वाटले असते. आमची मोठी बहीण लहानपणी अशीच गप्प बसे. तिची पाटी फोडल्याची आठवण आम्हांस एकदम झाली. ती येथे सांगत नाही.

लोधीखेडे हे जाम नदीकाठचे गाव तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी फार पूर्वीपासून ओळखले जाते. आम्ही राहतो त्या घराच्या मालकीणबाईंकडे तांब्याचा एक जुना गुंड आहे. अंगणात तुळशीजवळ पाणी भरून ठेवलेला असतो. त्याच दिवशी दुपारी जुन्या भांड्यांचा एक व्यापारी गल्लीत आला. त्याने गुंड रिकामा करून मागितला, आडवा केला, आणि पोटावरून अंगठा फिरवीत एके ठिकाणी थांबला. तेथे तांब्याच्या लाल अंगावर पिवळी, करवतीच्या दातांसारखी रेघ कमरपट्ट्याप्रमाणे फिरली होती. “दातेरी सांधा आहे,” तो म्हणाला आणि त्याने न मागता किंमत वाढविली. मालकीणबाईंनी गुंड दिला नाही, ही गोष्ट वेगळी.

हा सांधा कसा करतात, ते ऐकण्यासारखे आहे. गुंडाचा वरचा व खालचा भाग तांबट वेगवेगळे ठोकून घडवितो. एका भागाच्या कडेला कातरीने दाते पाडतो, ते दुसऱ्याच्या कडेवर आलटूनपालटून बसवितो, टाकणखार व पितळेचा कीस घालून भट्टीत झाळतो आणि मग त्यावर पुन्हा हातोडी चालवितो. पितळ वितळून दात्यांमध्ये भरते, म्हणून रेघ पिवळी दिसते. यंत्रावर दाबून काढलेल्या भांड्याला ही रेघ नसते. म्हणून जुनी भांडी जमविणारा आधी ती शोधतो.

आम्हांस आधार सापडल्यासारखे वाटले. आम्ही भाचीला अंगणात बोलाविले, गुंड दाखविला आणि थोड्याशा वर्गातल्या आवाजात सांगितले, की बघ, सांधा लपविण्याचे कारण नाही. उलट येथे सांध्यालाच किंमत आहे. तुझ्या बाहुलीची रेघ ठेवावयास हवी होती, हे आता मलाही पटले.

तिने गुंडाच्या कमरेवरून बोट फिरविले. मग म्हणाली, “पण मामा, हे सारखे नाही. हा सांधा त्या माणसाने केला. त्याला यायला हवा होता. बाहुलीची रेघ कोणी केलेली नाही, ती राहून गेलेली आहे.”

आम्ही निरुत्तर झालो. विद्यार्थ्याकडून असे उत्तर आले तर आम्ही त्याला दहापैकी नऊ गुण देतो. भाचीला एवढेच म्हणालो, की चहा घे. रात्री अंथरुणावर पडल्यावर आम्हांस एक प्रत्युत्तर सुचले. साच्याचे दोन अर्ध कोणीतरी हाताने जुळविले होते. कारखान्यातल्या कोणा मुलीने, कोणा मुलाने. नीट जुळविले म्हणूनच रेघ केसाएवढी आली. हात ढिला पडला असता तर ती गव्हाच्या दाण्याएवढी जाड आली असती. मग ती अगदीच ‘राहून गेलेली’ कशी? सकाळी हे तिला सांगितले. तिने थोडा विचार केला. “असेल,” म्हणाली. “म्हणूनच आधीच्या दोघींनी घासली नसेल का?”

त्या दोघींचा विचार आमच्या मनात आलाच नव्हता. बारा वर्षे ती बाहुली ज्यांच्या घरी होती, त्यांच्याजवळही वॉटर पेपर असेल, त्यांनाही रेघ दिसली असेल. एकीलाही तिला हात लावावासा वाटला नाही, की लावावासा वाटूनही त्या थांबल्या, कोण जाणे. आम्ही मात्र बाहुली पाहिल्यापासून तिसऱ्या दिवशी परात मागविली होती.

दुसरा पाय घासून दोन्ही सारखे करावेत, अशी एक सूचना आम्ही भीत भीत केली. तिने ती स्वीकारली नाही. सगळे अंग घासले तर चेहऱ्याचा रंगही काढावा लागेल, आणि तो चेहरा ज्या बाईने रंगविला तिच्याकडून पुन्हा तसाच रंगवून मिळणे शक्य नाही, असे तिने सांगितले. मग आमच्या पत्नीने जुन्या इरकलीच्या तुकड्याचा एक घोळदार परकर शिवून दिला. त्याने पट्टा झाकला गेला. सुटी संपली. भाचीला नागपूरला पोहोचवावयास आम्ही बरोबर गेलो. १९५६ च्या प्रांतरचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले व आमची सौंसर-पांढुर्ण्याची मराठी मुले मध्य प्रदेशात राहिली. वाटेत राज्याची सीमा येते, तेथे फलक आहे म्हणून कळते, एरवी शेतात तीच कपाशी आणि तीच संत्र्यांची झाडे. भाची खिडकीला डोके टेकून झोपली होती, पेटी मांडीवर होती. आम्ही पेटीला हात लावला नाही.

मार्गशीर्षात तिने एक छायाचित्र पाठविले. बाहुली पुण्याच्या घराच्या खिडकीत उन्हात बसली होती. आम्ही घाबरून लगेच फोन केला, कारण या बाहुल्या उन्हापासून जपाव्या लागतात हे आता आम्हांसही माहीत झाले होते.

“मुद्दाम ठेवली आहे,” ती म्हणाली. “नीट बघ.”

नीट पाहिले. परकर गुडघ्यापर्यंत सरकविलेला होता. बाहुलीचे बाकीचे अंग काळ्या कापडात गुंडाळले होते आणि कापडाला एक लांब चीर ठेवून फक्त तो पांढुरका पट्टा उघडा सोडला होता. रोज सकाळी एक तास ऊन द्यावयाचे, असे तिने ठरविले आहे. रंग जुळावयास किती दिवस लागतील, असे आम्ही विचारले. वर्ष, दीड वर्ष, कदाचित अधिक, असे तिने सांगितले. आणि मे महिन्याच्या सुटीत ती इकडे येईल तेव्हा लोधीखेड्याचे ऊन फार कडक म्हणून एक तासाऐवजी अर्धाच तास ठेवू, असेही म्हणाली. पूर्वेची खिडकी आम्ही आत्ताच रिकामी करून ठेवली आहे.